हरळ

शहापूरच्या सराफ गल्लीत, शनिवारी दुपारी,
अणवेकरांनी काळ्या मखमलीवर सात खडे मांडले
आणि पंखा बंद केला.
हिरे उडतील म्हणून नव्हे,
पुडीचे कागद उडतात म्हणून.

गोल एकही नव्हता. मीच सांगितलं होतं, गोल नको.
दिवसभर मी गोलच तपासते
उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या शेडमध्ये:
बुश, फ्लँज, रिंगा,
केसाएवढा फरक आला की लाल खडूची फुली.
बोटात तरी गोलाशी गाठ नको.

"अंगठी गोलच असते की," मल्लेश म्हणाला.
असं मध्येच बरोबर बोलायची त्याला सवय आहे.

एक थेंब होता, अजून न पडलेला.
एक शाळेच्या पाटीसारखा, चारी कोपरे घासून घेतलेला,
त्यात बघितलं की पायऱ्या खाली खाली जातात, विहिरीत जातात तशा.
एक उशी. एक अंडं.
एक पत्त्यातला बदाम, त्याच्याकडे आम्ही दोघांनीही बघितलं नाही,
अणवेकरांनी तो न बोलता पुडीत परत बांधला.

आणि एक लांबट, दोन्हीकडे निमुळता.
याचं नाव फ्रेंच आहे, ते म्हणाले,
नीट म्हणता मात्र त्यांनाही आलं नाही.

मी पर्समधून व्हर्निअर काढला.
"अगं, काय मोजूलालीस?"
साडेसात. पावणेचार.
बरोबर दुप्पट. घासणारा कोण असेल तो असो,
दिवाळीचा बोनस त्याला द्यावा.

मग भिंगातून दिसली मधोमध सावली,
दोन काळे त्रिकोण, टोकाला टोक लावून उभे.
"लांबट खड्यात ती थोडी असतेच," अणवेकर म्हणाले,
"नाही म्हणणारा सराफ बदलावा."
मी खडा कलता केला. सावली गेली.
सरळ केला. आली.
कंपनीत असता तर मी खडू उचलला असता.

आणि टोकं.
टोक म्हणजे आधी तुटायची जागा,
हे मला कुणी शिकवायला नको.
"टोकावर नख्या बसवू, व्ही आकाराच्या," ते म्हणाले,
आणि बिलाच्या पाठीवर काढून दाखवल्या
दोन चिमण्यांच्या चोची.

मल्लेश लाइनमन. खांबावर चढताना
अंगात धातू चालत नाही, म्हणून अंगठी एकटीच, माझी.
मशीनवर मलाही काढावीच लागेल,
म्हणजे डब्याच्या झाकणात, लोणच्याशेजारी.
हे आम्ही दोघांनाही माहीत असताना
तासभर बसलो होतो.

तो खाली वाकला, श्वास धरून, मीटर वाचतात तसा.
"ई हरळ चलो ऐति," म्हणाला,
शेवटचा उकार गिळून.
मला हसू आवरेना.
त्यांच्या हुक्केरीत हरळ म्हणजे अंगठीतला खडा.
आमच्या घरी हरळ म्हणजे तांदळात निघतो तो,
दाताखाली आला की बाबा ताटावरून उठतात.

तो काही विचारेना, का हसतेस म्हणून.
मी काही सांगेना.
अणवेकरांना दोन्ही येतं,
ते पावती लिहीत राहिले.

पंधरा दिवसांनी अंगठी घरी आणली.
आई ओट्याशी बेळगाव बासमती निवडत होती, चष्मा नाकावर,
या लग्नाबद्दल आठ महिन्यांत
तिने हो म्हटलं नव्हतं, नाहीही नव्हतं म्हटलं.
पदराला हात पुसून अंगठी घेतली,
खिडकीकडे धरली,
त्याच चिमटीत, जिच्यात हरळ धरून
ती रोज अंगणात फेकते.

बराच वेळ धरली.
"तांदळासारखा आहे गं," म्हणाली.
"मध्ये काळं काय दिसूलालंय?"
कलती कर, मी म्हटलं.
तिने कलती केली.

मग माझ्या बोटात घातली, उलटी,
टोक मनगटाकडे,
आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं.