मागून येतीय

मुजीबनं चार्जर उलटासुलटा केला, वास घेतला,
म्हणाला, "जळालाय मामा. ही पिन
कळंबात मिळायची नाही, लातुरातबी नाही.
कंपनीच्या वेबसाइटवरच बघा."

बघितलं.
लॅपटॉप पालथा घातला पोरीच्या उशीवर,
पोटावरचा नंबर आधी चष्म्यानं, मग भिंगानं वाचला.
चौथं अक्षर ओ की शून्य?
ओ टाकला तर कंपनी म्हणते, असं काही आम्ही बनवलंच नाही.
शून्य टाकलं तर फ्रीज दाखवते.

सापडला एकदाचा. दोन हजार एकशे चाळीस.
घेतो म्हटलं तर आधी खातं उघडा.
पहिलं नाव. आडनाव. मधे बापाला जागाच नाही,
विश्वंभर राहिले दाराबाहेर
उभ्यानं.
पत्ता लिहिला : जुन्या जिनिंगच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ.
लाल अक्षरं आली : पत्ता अवैध आहे.
एकवीस वर्षं त्याच पत्त्यावर पोस्टमन येतो,
आमचं कुत्रं त्याला भुंकतसुद्धा नाही आता.

ओटीपी निघाला तेव्हा रेंज गेली,
रेंज आली तेव्हा मुदत संपली.
गच्चीवर चढून फोन धरला आभाळाकडं.
शेजारच्या शकूबाई वाळवणावरून ओरडल्या,
"काय करायलाव ओ वर?"
"चार्जर घ्यायलोय."

मग नऊ चौकोन आले.
तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा.
ज्या चौकोनांत बस आहे ते सगळे निवडा.

मला.
एकतीस वर्षं कळंब डेपो,
येरमाळ्याच्या घाटात, खच्चून भरलेल्या गाडीत,
डोळे मिटून तिकिटं फाडली
आणि कोंबड्यांच्या पाटीचं लगेजसुद्धा सोडलं नाही, त्या मला.

निवडल्या. एक पिवळी होती, शाळेची,
तिला मी बस धरत नाही, तिला कंडक्टर नसतो.
एका चौकोनात नुसता आरसा आला होता
आणि आरशात ड्रायव्हरचा कान.
पुन्हा प्रयत्न करा.
पुन्हा केला. पुन्हा करा.
तिसऱ्यांदा ती पिवळीही धरली, मनाविरुद्ध,
तेव्हा कुठं बरोबरची हिरवी खूण उमटली :
माणूस आहे.

पैसे लगेच कापले.
चौथ्या दिवशी मेसेज :
आपल्या पिनकोडवर सध्या सेवा नाही, ऑर्डर रद्द,
रक्कम कामकाजाच्या सात दिवसांत.
खाली ठळक अक्षरात,
लवकरच आम्ही आपल्या भागात येत आहोत.

हे वाक्य ओळखीचं वाटलं.
रात्री कूस बदलताना कळलं, ते माझंच आहे.
भरल्या गाडीच्या दारात लोंबकळत
हात दाखवणाऱ्यांना मी ते रोज टाकायचो :
मागून येतीय, मोकळी आहे.
आणि डबल बेल.
मागं काहीच नसायचं.
फाट्यावर एक बाई होती एकदा,
काखेत पोर, पोत्यात गुंडाळलेलं शिवणयंत्राचं मुंडकं,
बार्शीला दुरुस्तीला नेत असावी.
तिनं मान डोलावली. खरं मानलं तिनं.
मागच्या काचेतून बराच वेळ दिसत राहिली,
रस्त्याकडं तोंड करून,
आमच्या गाडीकडं नाही, मागून येणारीकडं.

प्रणोतीनं मुजीबकडून वायर जोडून आणलीय,
काळ्या टेपचे चार वेढे,
वर स्टीलचा डबा ठेवावा लागतो वजनाला.
डबा हलला की पडदा काळा.
तिचा अभ्यास चाललाय, बोलू नका म्हणालीय.
फोनवर कंपनी विचारतेय :
आमची सेवा कशी वाटली? पाचपैकी किती तारे?
मी फोन पालथा घातला.
दोन्ही हात डब्यावर.