अर्धा ठोका

बार्न्सलीच्या क्लबाचा जिना अरुंद.
रीलचं धूड वर चढवायला दोघं लागायचे:
विल्फ एन्टविसल, आणि बारपाशी
जो कुणी रिकामा सापडेल तो.

मग कॅसेट. एका शनिवारी यंत्रानं टेप खाल्ली.
विल्फनं पेन्सिल घालून ती गुंडाळली,
चिकटपट्टी लावली.
वॉल्ट्झमधला अर्धा ठोका गेला तो गेलाच.
पंधरा वर्षं तो तिथं
श्वास गिळून पुढं उडी मारायचा.
नाचणारेही शिकले.

मिनीडिस्क आली, कधी गेली कळलंही नाही.
आता अख्खा बँड शर्टाच्या खिशात,
चष्म्याच्या घरामागे.
नातीनं गाणं नव्यानं भरून दिलंय,
ठोके सगळे जागच्या जागी.

तरी त्या ओळीशी
विल्फ अर्धा ठोका आधीच पोचतो,
आणि खाली, रेडिएटरजवळ,
एक म्हातारं जोडपं
बरोबर त्याच्यासोबत चुकतं.