तांबडा डावीकडे

सात वर्षांचा मी, रातांब्याच्या झाडावरून
परडी भरून उतरायचो
आणि आई ती अंगणात पालथी करून निम्मे रातांबे बाजूला सारायची.
"डोळे आहेत की कवड्या? हिरवेच तोडलेस."
मला पान आणि फळ एकाच रंगाचं दिसे,
ओल्या वाळूच्या जरा अलीकडचा कुठलातरी रंग.
कुणाला बोललो नाही.
वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं,
फक्त ते नीट बघतात.

मग अंगठा शिकला.
पिकलेला रातांबा दाबला की नमतो,
कच्चा उलट आपल्यालाच दाबतो.
पुढच्या मे महिन्यात आमच्या पाखाडीत
माझ्याइतकी चोख परडी कुणाची नव्हती.

एकोणिसाव्या वर्षी बोटीवरच्या नोकरीसाठी मुंबईला गेलो.
डॉक्टरने ठिपक्यांचं पुस्तक उघडलं.
आकडा किती?
मी म्हटलं, आकडा कुठाय?
त्याने पान उलटलं. पुन्हा उलटलं.
मग पुस्तक मिटून म्हणाला,
बोटीच्या डाव्या अंगाला तांबडा दिवा, उजव्या अंगाला हिरवा,
काळोखात समोरचा कुठे वळतोय ते त्यावरून कळतं.
तुला नाही कळणार.
आणि मी दारापर्यंत पोचल्यावर, मागून :
हे आईकडून येतं.

आईकडून!
जी लुगड्यांच्या ढिगातून
डाळिंबी आणि कुसुंबी वेगळी काढते,
सुरमईचा कल्ला उचलून सांगते, आजची की कालची.
घरी येऊन तिला सांगितलं.
कोलंबी सोलता सोलता तिचे हात थांबले.
"माझा बा," म्हणाली, "त्यालापण रातांबे कळत नसत."

धाकू तांडेल, माझा आजा.
त्याच्या होडीला दिवेच नव्हते.
एक कंदील नाळेवर, तोही जेवणापुरता.
वारा त्याला गालावर कळे, खडक कानाने,
आणि हर्णैचा किनारा चुलींच्या वासावरून.
चाळीस वर्षं हा डोळा घेऊन तो दर्यात गेला, परत आला.
डोळा तोच.
दिवे नंतर आले,
आणि मी अधू झालो.

खाण तशी माती, म्हणतात.
मातीला विचारावं कधीतरी, पाऊस किती लागला.
मी पोटात होतो त्या वर्षी वादळात होडी फुटली,
आई नऊ महिने पेजेवर.
मी बापाहून चार बोटं बुटका.
नीलम झाली तोवर नवी होडी आली होती;
ती माडासारखी वाढली.
लोक म्हणतात, खांदे मात्र बापाचे घेतलेस.
बावीस वर्षं बर्फाच्या लाद्या वाहतोय मी.
उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे,
तो बापाचा नाही.

आता आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू.
संध्याकाळच्या लिलावात ती माझं मनगट धरून उभी असते,
हळूच विचारते, "कल्ले लाल आहेत ना रे?"
मी मासा बोटाने दाबतो.
मांस परत वर येतं.
म्हणतो, आहेत.

यंदा नीलमचा स्वरूप आलाय सुट्टीला. सात पुरी झाली.
पाखाडीतल्या बाया म्हणतात, मामाच्या वळणावर गेलाय पोरगा,
वळणाचं पाणी वळणावर.
मी त्याच्या चालीकडे बघतो, कानांकडे बघतो.
काल तो रातांब्यावर चढला.
तोडण्याआधी प्रत्येक फळ
अंगठ्याने दाबून बघत होता.

तीन उन्हाळे तो माझ्यासोबत झाडावर बसलाय.
माझे हात बघत.
तेव्हा डोळा माझा गेला असेल त्याच्याकडे,
किंवा नुसता अंगठा.
ठिपक्यांचं पुस्तक दापोलीला मिळतं,
जाऊन आणता येईल.
नाही आणलं अजून.

खालून नीलम ओरडली, "लाल लालच तोड रे!"
पानांतून आवाज आला, "हो."

मीपण हो म्हणायचो.