दुरुस्ती कोणी केली?

पाळकसाहेब नेवाशाला लग्नाला गेले,
म्हणून गुरुवारची सभा माझ्यावर आली.
म्हणाले, रणभिसे, तुम्हीच घ्या शास्त्रभाग,
बाराच ओव्या आहेत, सोपा आहे.

असेल सोपा.
मी पहाटे पाचला वाचतो, स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली.
बोटांचं डांबर रॉकेलनेही पुरतं जात नाही.
सुवार्ता म्हणते, पप्पांच्या शास्त्रात
ओव्यांपेक्षा ठसे जास्त.

ऐरोली ते कोपरखैरणे,
सिडकोच्या कितीतरी गच्च्या मी गुडघ्यांवर फिरलोय,
भेगा भरत.
म्हणून चौघांनी परक्याचं छप्पर उसकटलं
आणि पक्षघाती माणसाला बाजेसकट खाली सोडलं,
तिथेच अडकलो.
सगळे बघतात बाजेकडे, प्रभूकडे.
मी वर बघत बसलो.
भोक किती बाय किती?
तुळया दोन-दोन हातांवर असणार,
मधे काटक्या, वर चोपलेली माती,
आणि खाली दाटलेल्या माणसांच्या डोळ्यांत तीच माती.
मग तो उठला, बाज उचलून चालता झाला,
गर्दी देवाचं गौरव करत पांगली.
आणि घरवाला?
समासात पेन्सिलीने लिहिलं:
दुरुस्ती कोणी केली?

गुरुवारी ओहोळबाईंकडे सात जण.
सलाम, सलाम, दाराशी चपलांचा ढीग,
एकाची प्रार्थना संपेपर्यंत कुकरची शिट्टी.
मी प्रश्न विचारला.
नथनिएलने मोबाईलवर शोधलं. म्हणाला, लिहिलेलं नाही.
सुवार्ता म्हणाली, पप्पा, बिलपण लावा ना!
हसले सगळे.

ओहोळबाई हसल्या नाहीत.
तीस वर्षं नर्स होत्या कळव्याला.
म्हणाल्या, तोच आला असेल दुसऱ्या दिवशी, बरा झालेला,
माती कालवायला.
मी म्हटलं, बाई, इतकी वर्षं पडून असलेले हात,
पहिल्याच दिवशी घमेलं पेलत नाही.
अहो, तो चालायला लागला ते तुम्हाला पटतं,
घमेलंच तेवढं जड?

मी पान उलटल्यासारखं केलं.
बाईंनी चष्मा काढला.
आणि ते चौघे, भाऊ? त्यांची नावं काय?
नथनिएल म्हणाला, तीही नाहीत.

मला चार नावं आठवली.
पोरवर्षी रात्री अडीचला
दादांना चौथ्या मजल्यावरून खाली उतरवलं.
लिफ्ट नाही. प्लास्टिकची खुर्ची, तिचे चार पाय:
एक मी, एक वॉचमन रामसजीवन,
एक ॲम्ब्युलन्सवरचा पोरगा इम्रान,
आणि चौथा तिसऱ्या मजल्यावरचा गावंड,
बनियनवर, कोणी न बोलावता.

गावंडशी दोन वर्षं बोलणं बंद होतं.
त्याच्या न्हाणीघराचं छत गळतं.
त्याचं छत म्हणजे आमची फरशी.
साऱ्या नवी मुंबईची गळती काढणारा मी
त्याला म्हणालो होतो, सोसायटीत अर्ज दे.
त्या रात्री जिन्याच्या दर वळणावर तो म्हणत होता,
सावकाश, त्यांचं डोकं सांभाळा.
दादा परतले नाहीत.
खुर्ची आली, गॅलरीत आहे.

यातलं काही मी सभेत बोललो नाही.
शेवटची प्रार्थना सुरू केली, मधेच विसरलो,
बाईंनी आमेन म्हणून टाकलं
आणि चहा ओतला.

शुक्रवारी पहाटे पाच.
ट्यूब लावली, तेच पान उघडलं.
प्रश्नाखाली जागा होती. काही सुचलं नाही.
हातोडी-छिन्नी काढली,
मग वाटलं, या वेळी ठोकाठोकी कशी करायची,
खाली माणूस झोपलाय.
सातपर्यंत बसून राहिलो. तेवढ्यात
त्याच बारा ओव्या दोनदा झाल्या.

मग एक जिना उतरलो. बेल वाजवली.
गावंडने दार उघडलं,
माझ्या हातातल्या घमेल्याकडे बघत राहिला.
म्हटलं, आत येऊ का?
फोडायच्या आधी
एकदा खालून बघावं लागतं.