दुसरी खुर्ची

बुधवारी ओपीडीत एक खुर्ची वाढली,
माझ्या टेबलाला टेकून, शिवलीला हुक्केरीची.
बेळगावहून सहाच्या बसनं निपाणीला येते,
मांडीवर लॅपटॉप, त्यात नऊ हजार छात्या,
सगळ्या दूरच्या शहरांतल्या.

पहिल्याच आठवड्यात तिच्या यंत्रानं
हौसाक्का चौगुलेच्या फुप्फुसावर लाल चौकोन काढला:
क्षय, ब्याण्णव टक्के.
मी फिल्म नंतर बघितली.
आधी तिची बोटं हुंगली.
"कुठल्या वखारीत?"
"बावीस वर्सं झाली की बाई, चाळणीवरच."
बेडका दोनदा तपासला. क्षय नव्हता.
शिवलीलानं विचारलं,
हुंगणं कुठल्या रकान्यात भरू?

मी हसले.
पुढच्या बुधवारी कुरलीचा पोरसवदा ड्रायव्हर,
त्याला मी सिरप देऊन पाठवणार होते.
बरगडीमागची हरभऱ्याएवढी सावली
त्याच यंत्रानं दाखवली.
सिरपची चिठ्ठी मी स्वतःच फाडली.

आता आम्ही भांडतो. ती कानडीत, मी मराठीत,
आकडे तेवढे इंग्रजीत.
ती म्हणते नोवु. मी विचारते, कसलं?
कळ, चमक, ठणका, की नुसतीच हुरहूर?
ती चारही लिहून घेते.

काल हौसाक्का परत आली.
रिकाम्या खुर्चीकडं बघून म्हणाली,
"ती पोरगी कुठाय? तिच्या मशिनीला सांगा,
रातचं झोपून न्हाई खोकत मी,
उठून बसून खोकते, भिंतीला टेकून."
हे कुठल्याच रकान्यात बसेना.
केसपेपरच्या समासात लिहून ठेवलं,
बुधवारपर्यंत.