टेबलाची उंची

उलानबातरच्या उत्तरेकडची टेकडी. नळ नाही, वीज आहे.
आमचा गेर म्हणजे एकच गोल खोली,
मधोमध कोळशाची शेगडी
आणि पूर्वेला, जमिनीवरच, विजेचं पातेलं.

जमिनीवर, कारण आईचंही तिथंच असायचं.
कारण टेबल म्हणजे दोन माणसांच्या निजण्याची जागा.
कारण... असो.

सोलोंगो अकरा महिन्यांची, नुकती पावलं टाकायला लागलेली.
दर पावलाला आम्ही टाळ्या वाजवायचो.
बाहेर उणे एकतीस. मी कोळसा आणायला गेलो,
घमेलं भरून परतलो
तेव्हा मटणाचा रस्सा गालिच्यावर होता.
तिचा आवाज मी इथे लिहिणार नाही.

वॉर्डात अठरा खाटा.
शेजारच्या खाटेवर पातेलं. पलीकडे चहाचा थर्मास.
कोपऱ्यात जुळ्यातला एकटा : पातेलं.
बाया एकमेकींना विचारत, "तुमचं किती लिटरचं?"
बाजारात विचारावं तसं.
मी नशिबाबद्दल काहीतरी बोललो.
डॉक्टरीणबाई पट्टी सोडवता सोडवता म्हणाल्या,
"जमिनीपासून किती वर होतं?"
मी बोटांनी दाखवलं.
वीतभरही नाही.

मी सुतार आहे.
तेरा वर्षं लोकांच्या दारांना चौकटी बसवल्या.

त्या वसंतात पाइनच्या फळ्या आणल्या.
उंची, उभ्या पोराच्या डोक्यावर राहील इतकी.
कडेला चार बोटं पट्टी. मागच्या बाजूला भोक,
पातेलं त्यात घट्ट बसावं, वायर मागून जावी.
पहिलं घरी. मग गल्लीत सदतीस.
दुल्माआजींनी टेबल घेतलं, तोंडभरून आशीर्वाद दिला
आणि वर टीव्ही ठेवला. पातेलं खालीच.
मी पुन्हा गेलो. खारा चहा प्यालो.
टीव्ही उचलून खाली ठेवला.
त्या रागावल्या. नातू रांगत आला आणि
टीव्हीतल्या घोड्याला थापट्या मारत बसला.

परवा सोलोंगोचं जावळ काढलं. चार पूर्ण.
निळा खदग बांधलेली कात्री तिनंच फिरवली,
मामाकडे, काकूकडे, दुल्माआजींकडेही.
डाव्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत,
तर उजव्यानं.
एकेक बट पिशवीत पडत होती, ती मोजत होती,
नवानंतर थेट बारा.

पाहुणे गेल्यावर पाहिलं :
टेबलाच्या पट्टीवर हनुवटी टेकवून ती उकळी बघतेय.
कधी पोचली इथवर?

टेप कुठे ठेवली मी?