इतर हक्क

सोहारच्या बंदराकडे तोंड केलेली आमची प्रयोगशाळा.
बाहेर ऑगस्ट, डांबर मऊ.
आत एसी अठरावर, माझ्या खांद्यावर शाल,
समोर तळहाताएवढा हिरवा बोर्ड:
समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्राचा मेंदू.
मला त्याचं वर्णन लिहायचंय,
कर्नेलला वाचता येईल असं.

बाकीचं भरभर झालं.
इथरनेट कुठे राहतं, टायमर कुठे,
ज्याचा त्याचा पत्ता, ज्याची त्याची पाटी.
अडलं एका रजिस्टरपाशी.
बत्तीस बिटं, आणि मालक कुणीच नाही.
शून्य ते दोन इथरनेटची,
तिसरं यूएसबीचं,
चार-पाच कुठल्या पिनेला किती जोर द्यायचा त्याची,
सहावं आमच्याकडे जोडलेलंच नाही,
आठवं पंपाच्या घड्याळाचं.
चिप करणाऱ्यांकडे जे उरलंसुरलं
ते त्यांनी इथे कोंबलं,
शिवणयंत्राच्या खणात कसं
बॉबिन, रेशनकार्ड आणि कुणाची तरी जुनी कवळी.

पहिला खर्डा परत आला.
हमूद अल-रवाहीनं समासात लिहिलेलं:
हे तुझा ड्रायव्हर काय करतो ते झालं.
वस्तू काय आहे ते लिही.

दुसराही आला.
'सेटिंग्ज' हे नाव नको. काहीही सेटिंग असतं.

मग तो मंगळवार.
रोवेनाला यूएसबी हवं होतं.
तिनं तिसऱ्यात एक लिहिला
आणि उरलेल्या एकतीस जागी, न बघता, शून्य.
आधी वाचायचं, आपल्यापुरतं बदलायचं,
बाकीच्यांचं होतं तसं परत ठेवायचं,
हे तिला कोण सांगणार? कुठे लिहिलेलंच नव्हतं.
चाचणीचा पंप थांबला.
दोन वर्षं कानांत असलेला आवाज गेला
म्हणून सगळ्यांनी एकदम माना वर केल्या.

आम्ही एकेक बिट परत लावलं.
आठवं लावलं. पंप हलेना.
मॅन्युअलमध्ये सातव्यापुढे एकच शब्द:
राखीव.

रात्री साखरीनाट्याला फोन लावला.
ताजुद्दीन परकार, निवृत्त, मागे कोंबडे ओरडतायत अवेळी.
"सात ना? ते एकच ठेव.
मधल्या लॉटमध्ये खोट होती,
सातवं उघडल्याशिवाय घड्याळ पंपापर्यंत पोचायचं नाही.
मी आपला न चुकता एक लिहायचो."
कागदावर का नाही, परकारचाचा?
"व्हिसा संपला तेव्हा हँडओव्हरला अर्धा दिवस दिलेला.
त्यातलाही निम्मा केक कापण्यात गेला."
मग थोडं थांबून,
"पाणी कसं लागतंय गं आता?
माझ्या वेळी किंचित तुरट लागायचं."

बाबा आटपाडीला तलाठी होते.
सामाईक विहीर असली की सातबाऱ्यावर
'इतर हक्क' या रकान्यात, बारीक अक्षरात,
कुणाचा हिस्सा किती, कुणाची पाळी कोणत्या वारी.
विहिरीवरून झालेली डोकेफोड
त्यांना तोंडपाठ होती. ती लिहायचे नाहीत.
विहीर वाळूतून वर आलेल्या पाण्यासारखी
नुसती असायची त्या कागदावर.

तिसरा खर्डा:
सामाईक रजिस्टर. कुणा एकाचे नाही.
पूर्ण लिहू नये. वाचावे, आपले बिट बदलावे, बाकी जपावे.
बिट सात: राखीव. मधल्या लॉटच्या चिपवर एक असणे आवश्यक,
अन्यथा पंपाला घड्याळ मिळत नाही.
माहिती: ताजुद्दीन परकार, फोनवरून.

हमूदचं उत्तर तासाभरात.
चांगलं. पण ती मधली ओळ परत बघ,
'वाचावे, बदलावे' हे वागणं झालं, वस्तू नव्हे.
आणि शेवटचं नाव काढ. तेही हार्डवेअर नाही.

काढलं.
दोन्ही ओळी उचलून
बदलाच्या नोंदीत ठेवल्या, पार तळाशी,
जिथे पंप थांबल्याशिवाय कुणी उतरत नाही.